बांधापलीकडची पट्टी

दादा,

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मंडप भरला होता. कारखान्यातले लोक आले होते, नाशिकरोडची आपली सगळी आळी आली होती, दिंडोरीहून वहिनीच्या माहेरची माणसं टेम्पो करून आली होती. बुद्धवंदना झाली आणि मग एकेक जण तुझ्याबद्दल बोलायला उठला. जो उठला तो लढाईबद्दलच बोलला. कुणी म्हणालं, तू रणगाडे उडवलेस. कुणी म्हणालं, शत्रूला पळता भुई थोडी केलीस. तुझा युनियनमधला मित्र तर म्हणाला, छातीवर गोळी झेललेला माणूस होता. तेव्हा वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तुझ्या छातीवरचा डाग कशाचा ते तिला ठाऊक आहे. लहानपणी आईच्या चुलीजवळ मस्ती करताना उकळतं पाणी सांडलं होतं तुझ्या अंगावर. वहिनीच्या ओठांशी हसू आलं आणि दुसऱ्या क्षणाला तिनं पदरात तोंड घातलं.

मलाही उठवलं. मी रोज पोरांपुढं उभी राहून बोलणारी बाई, पण दोन वाक्यं बोलले आणि बसले. तुझ्या लढाईबद्दल मला जे माहीत आहे ते मंडपात सांगण्यासारखं नव्हतं. ते तुलाच सांगावं असं आहे. आणि त्यातलं थोडं तुलाही माहीत नाही.

तू विचारणाऱ्याला एकच उत्तर द्यायचास. "खड्डे खणले. खड्ड्यात डबे ठेवले. वरून माती सारखी केली." ऐकणाऱ्याला वाटायचं, थट्टा करतोय. पण ते अक्षरशः खरं होतं. एकाहत्तर साली पंजाबच्या सरहद्दीवर मातीच्या एका लांब बांधावर आपले जवान दबा धरून बसले होते. समोरून रणगाडे येऊ नयेत म्हणून बांधापुढच्या शेतांमध्ये सुरुंग लावायचं काम तुझ्या तुकडीकडे होतं. रणगाडे आले आणि अडले. बांध आपल्याकडे राहिला. लढाई संपल्यावर तेच सुरुंग तुम्ही लोकांनीच, पोटावर झोपून, सळईनं माती टोचत, एकेक करून काढले. काढायचं काम लावायच्या कामापेक्षा मोठं, असं तू म्हणायचास. वर्तमानपत्रात 'सुरुंग पेरले' असं छापून आलं की चिडायचास. "पेरलं म्हंजे उगवायला पाहिजे. असलं कुठं पेरत्यात का?"

एवढंच मला ठाऊक होतं. बाकीचं कळलं ते दिंडोरीच्या शेतात.

तू फौज सोडून सातपूरला फिटर म्हणून लागलास, त्याला काही वर्षं झाली होती. वहिनीच्या भावानं नव्यानं द्राक्षबाग लावायला काढली होती. आपण सगळे बघायला गेलो. जमीन नांगरून, चर काढून तयार होती, काळी, मऊ, पाय घोट्यापर्यंत रुतावा अशी. सगळे आत शिरले. तू बांधावरच थांबलास.

"दाजी, या की इकडं! का बूट मळत्याल?" वहिनीचा भाऊ ओरडला, आणि बायामाणसांसकट सगळे हसले.

तूही हसलास, पण पाय उचलला नाहीस. फारच हाका झाल्या तेव्हा आलास. मी मागं वळून बघत होते म्हणून मला दिसलं. तू मान खाली घालून, माझ्या पावलांचे जे ठसे उमटले होते त्यांतच पाय ठेवत येत होतास. एकही पाऊल नव्या मातीवर टाकलं नाहीस. तुझ्या कपाळावर घाम होता आणि दिवस थंडीचे होते.

त्या दिवसापासून मी तुझ्या मागं लागले. हरसूलच्या शाळेतून सुट्टीला आले की माझं तेच टुमणं. एकदा जाऊन बघून ये रे ती जागा. तिथं आता गहू डुलत असेल. डोळ्यांनी बघितलंस की मनातलं निघून जाईल.

"तुला काय ठाऊक तिथं काय डुलतंय," तू म्हणायचास.

वहिनी तर माझ्यावर रागावायची. "बुजलेलं कशाला उकरायचं, ताई? माणूस घरी आलाय, जेवतोय, झोपतोय. लय झालं की."

मला तेव्हा वाटायचं, मी शिकलेली, मला तुझ्या भल्याचं तुझ्यापेक्षा जास्त कळतं. पण हेही खरं की माझ्यासाठी तू जे करायचास ते न बोलता करायचास, आणि त्याची परतफेड कशी करावी ते मला समजत नव्हतं. हरसूलला पहिली नेमणूक झाली तेव्हा तू मला पोचवायला आलास. भाड्याची खोली बघितलीस, भिंतीला हात लावलास आणि कुणाकडून तरी कुदळ मागून आणलीस. खोलीभोवती चर खणत बसलास. गावची माणसं बघायला जमली. पाऊस तर अजून लांब होता. "डोंगराचं पाणी ह्या अंगानं येणार," एवढंच म्हणालास. त्या पावसाळ्यात शेजारच्या घरांत पाणी शिरलं, माझी खोली कोरडी राहिली. माणसाला जमीन इतकी कळते आणि तोच माणूस जमिनीवर पाय टाकायला घाबरतो, हे मला बघवत नव्हतं.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत मी नाशिकला आले तर तू पंजाब मेलची तिकिटं काढून बसला होतास. काही चर्चा नाही. वहिनी म्हणाली, "मला नाय बघायचं ते. तुम्हीच लावलंय डोक्यात, तुम्हीच जावा." म्हणून आपण दोघं निघालो, बहीण-भाऊ. लहानपणी मामाच्या गावाला जायचो तसे.

मनमाड गेलं, खंडवा गेलं, तू खुशीत होतास. डब्यात दोन फौजी भेटले, त्यांच्याशी तुझी ती हिंदी सुरू झाली आणि मला माझा दादा अनोळखी वाटायला लागला. जोरात हसणारा, शिव्या देणारा. दिल्ली मागं पडली आणि तू बोलायचा थांबलास. फिरोजपूरला उतरलो, तिथून बस, मग टांगा. चौकीवर तुझं जुनं ओळखपत्र बघून एका शिपायानं तुला सलाम ठोकला. तू सलाम घेतलास, पण तुझा हात नीट वर गेला नाही.

गहू कुठंच नव्हता, दादा. त्या दिवसांत गहू पेरतात, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. शेतांत कापूस फुटला होता. बाया ओंजळी भरभरून वेचत होत्या, आणि वेचून झालेल्या शेतांत नांगर चालू होते. बांध मात्र होता. मी मोठा तट वगैरे मनात धरून आले होते. प्रत्यक्षात मातीचा ढिगारा, वर गवत, दोन शेळ्या चरत होत्या. "हा?" मी म्हणाले. "हा," तू म्हणालास, आणि त्यावर चढून कितीतरी वेळ समोर बघत राहिलास.

तिथंच करतारसिंग भेटले. चाळिशीचा माणूस, फेटा ढिला बांधलेला, चालताना एका अंगाला झुकणारा. उजवा पाय गुडघ्याखाली लाकडाचा. आपण परदेशातून आल्यासारखं त्यांनी घरी नेलं, खाट टाकली, पितळी पेल्यांतून चहा दिला. नाशिकचं नाव ऐकून त्यांना काही कळलं नाही, पण मनमाडचं नाव घेताच त्यांची बायको सुरजीत आनंदली. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला जायचं तर मनमाडवरून जावं लागतं, ते त्यांना माहीत होतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा घरी या, असं आपण सांगितलं आणि तू पत्ताही दिलास. सगळं गोड चाललं होतं. मग तू विचारलंस.

"पाँव लड़ाई में गया?"

"नहीं जी. लड़ाई के बाद."

लढाईच्या वेळी गाव रिकामं केलं होतं. लढाई संपली, सुरुंग काढले, जमिनी साफ झाल्याचं सांगून लोकांना परत दिल्या. करतारसिंगांनी नांगर जुंपला. बांधाला लागून असलेल्या पट्टीत शिरले आणि पाय गेला. एक बैलही गेला. ते हे सगळं इतक्या साधेपणानं सांगत होते की मला आधी नीट उमगलंच नाही. तुला उमगलं. तू पेला खाली ठेवलास.

"कौन सी पट्टी?"

त्यांनी बांधावर नेऊन दाखवली. बांध जिथं वळतो तिथं शिसवीचं एक झाड, त्याच्या पुढची जागा. चारी बाजूंना कापूस आणि मध्ये ती पट्टी, रुईच्या झुडपांनी आणि उंच गवतानं भरलेली. पाय गेल्यापासून त्यांनी तिथं कुणाला जाऊ दिलं नव्हतं. तू झाडाकडे बघितलंस, वळणाकडे बघितलंस, आणि तुझा चेहरा राखेसारखा झाला.

"यहाँ मैंने लगाया था," तू म्हणालास. "शायद मेरा ही होगा."

मला वाटलं आता काहीतरी होणार. ते तुला मारतील, किंवा मिठी मारतील. यातलं काहीच झालं नाही. करतारसिंग पट्टीकडे बघत राहिले. त्यांच्या बायकोनं ओढणीचं टोक तोंडाला लावलं. तू सांगायला लागलास की मोजून सगळे काढले होते, पावसानं आणि कालव्याच्या पाण्यानं माती सरकते, तिच्याबरोबर तेही सरकतात, पलीकडच्यांनीही लावलेले असू शकतात. तू बोलत राहिलास आणि ते ऐकत राहिले. मग त्यांनी तुला एकच विचारलं.

"और तो नहीं है, फौजी साहब?"

आणखी नाहीत ना. एवढंच त्यांना हवं होतं. त्या माणसाला तुझी माफी नको होती, हिशेब नको होता. त्याला जमीन कसायची होती.

तू लोखंडी सळई मागितलीस. विटेवर घासून तिला टोक काढलंस, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्यास आणि पट्टीच्या कडेला गुडघे टेकलेस. तेव्हा कुठं मला समजलं. मी तुझा दंड धरला.

"दादा, वेड लागलंय का? मी वहिनीला काय सांगू?"

"सांग, कामावर व्हता." माझी बोटं तू एकेक करून सोडवलीस. "बांधावर बस, सुमे. आणि हाक मारू नको. हाक मारली की हात हलतो."

मी बसले. सुरजीत माझ्याजवळ येऊन बसली, तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तू पोटावर झोपलास. सळई तिरकी मातीत घालायचास, काढायचास, वीतभर पुढं घालायचास. गवत कापायचास, पुन्हा तेच. दिंडोरीत माझ्या पावलांवर पाय ठेवणारा माणूस तो हाच का, असं मला वाटत होतं. तुझ्या हालचालीत भीती नव्हती, दादा. मी तुला कारखान्यात बघितलं नाही, पण तू तिथं यंत्रावर असाच काम करत असशील. दिवस मावळला तसा तू उठलास, जेवलास, करतारसिंगांशी कापसाच्या भावाबद्दल बोललास आणि सकाळी पुन्हा जाऊन झोपलास.

काडतुसाची गंजलेली पुंगळी निघाली. बैलाची नाल निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी सळई कशाला तरी लागली आणि तू थिजलास. मी हाक मारली नाही. माझा हात सुरजीतच्या हातात होता, तिची नखं माझ्या तळव्यात रुतली होती. तू बोटांनी माती बाजूला करत गेलास, फार सावकाश. विटेचा तुकडा होता. तो तू बाहेर काढलास आणि तसाच मातीवर कपाळ टेकून पडून राहिलास. रडत होतास की दमला होतास, ते मला बांधावरून दिसलं नाही. नंतर कधी विचारलंही नाही.

शेवटी तू पट्टीच्या त्या टोकाला उभा राहिलास आणि मधूनच, सरळ, चालत परत आलास.

"साफ है?" करतारसिंगांनी विचारलं.

"मेरे हाथ को कुछ नहीं लगा."

"बो दूँ?" पेरू का, असं ते विचारत होते.

तू सळईची माती पुसून ती त्यांच्या हातात दिलीस. मग म्हणालास, "बो दो."

परतीच्या गाडीत आपण भांडलो. भटिंडा येईपर्यंत मी दम धरला होता.

"तुला खात्री होती?"

"नाय."

"मग हो कसं म्हणालास? लष्कराला कळवा म्हणायचं."

"कळवलं व्हतं त्यानं. जमीन साफ हाय म्हणून कागद हाय त्याच्याकडं. कागदाच्या भरवशावर नांगर घालवंना त्याला. त्यानं मला इचारलं, सुमे. दुसऱ्या कुणाला इचारणार व्हता तो?"

"आणि उद्या काही झालं तर?"

तू खिडकीबाहेर बघायला लागलास. हे भांडण आपलं कधी मिटलंच नाही. तू निर्धास्त होऊन परत येशील म्हणून मी तुला नेलं होतं. नांगरलेल्या शेतात तू पाय टाकायला लागलास, हे खरं. वहिनीचा भाऊ तर कौतुकानं सांगायचा की दाजी आता बागेत अनवाणी हिंडतात. पण जुनी भीती गेली तिथं नवी येऊन बसली. दरवर्षी दिवाळी झाली की तुझं जेवणात लक्ष नसायचं. पंजाबच्या बातम्या तर पुढं फारच वाईट यायला लागल्या. सगळ्या नाशिकला त्या बातम्यांत बंदुका दिसायच्या. तू मात्र गहू पेरायच्या दिवसांचा विचार करत असायचास. "त्यानं नांगर घातला आसंल का गं?" पत्र टाकून विचार म्हटलं तर टाळायचास, उत्तर काय येईल याची तुला धास्ती. मी म्हणायचे, तुझं तू ओढवून घेतलंस. तू म्हणायचास, "कुणीतरी सांगायलाच पाहिजे व्हतं."

कावीळ वाढली आणि तू दवाखान्यात होतास तेव्हाही, ग्लानीत, मला ओळखत नव्हतास त्या दुपारी, तू हेच विचारलंस. "पेरण्या झाल्या का?" मी म्हणाले, झाल्या, दादा, सगळं नीट झालं. मला काहीही माहीत नव्हतं. तुझा चेहरा जरा सैल झाला. त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस.

आता तुला माहीत नसलेलं सांगते.

काल दुपारी दार वाजलं. वहिनीनं उघडलं आणि मला हाक मारली, "ताई, कोण सरदारजी आल्यात बघा." करतारसिंग होते, दाढी पांढरी झालेली, मागं सुरजीत. नांदेडहून परतताना मनमाडला उतरले आणि एस.टी.नं नाशिकरोडला आले, विचारत विचारत. हातात प्रसादाचा डबा. भिंतीवरचा हार घातलेला तुझा फोटो त्यांना आत आल्यावर दिसला. ते उभेच राहिले. मग फोटोला हात जोडून खाली सतरंजीवर बसले, लाकडी पाय पुढं पसरून. सुरजीतनं वहिनीला जवळ ओढलं. त्या दोघी एकमेकींची भाषा न कळता किती वेळ रडल्या.

चहा झाला. तुझी सगळी वर्षं माझ्या जिभेवर येऊन थांबली होती. मी विचारलं.

"वो पट्टी?"

"बोता हूँ जी. हर साल." आपण परत आलो त्याच पंधरवड्यात त्यांनी नांगर घातला होता. एकही वर्ष चुकलं नाही. काही झालं नाही, कुणाला झालं नाही.

"डर नहीं लगता?"

"लगता है." ते हसले. "इसलिए पहला हल मैं ही चलाता हूँ. लड़के को पीछे रखता हूँ. मेरा तो एक पाँव वैसे भी लकड़ी का है."

सुरजीतनं त्यांच्या पाठीत जोरात थापटी मारली. हे बोलणं ती दरवर्षी ऐकत असणार. मी वहिनीला मराठीत सांगितलं तर तीही हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदा मोकळेपणानं, आणि हसता हसता म्हणाली, "आन् हे इथं उपाशी बसायचे."

रात्रभर मी विचार करत होते, दादा, की त्यांनी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला की नाही. पूर्ण ठेवला असता तर पोराला मागं कशाला ठेवलं असतं? आणि नसता ठेवला तर नांगर कशाला घातला असता? तुझ्याशी यावर भांडायला मजा आली असती. पण एक मला आता नक्की कळलंय. तू 'बो दो' म्हणालास आणि ते ओझं एकट्याचं समजून शेवटपर्यंत वाहिलंस. इथं तुला जेवण जायचं नाही त्याच दिवसांत, तिकडे, तो माणूस मुलाला बांधावर उभं करून एकटा नांगरामागं चालायचा. अर्धं ओझं इतकी वर्षं त्याच्या खांद्यावर होतं, दादा, आणि त्यानं ते तुला कधी कळवलंही नाही.